बारा कोडी, एक चकती: सेंट पॉलच्या बर्फातले चौदा दिवस

पोहोचण्याचा दिवस

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल. जानेवारीच्या अखेरीस इथे विंटर कार्निव्हल भरतो आणि त्याच सुमारास 'पायोनियर प्रेस' या शहराच्या वृत्तपत्रात रोज एक असं बारा दिवस यमकातलं कोडं येतं. शहरातल्या किंवा आसपासच्या एखाद्या सार्वजनिक बागेत तळहातात मावेल एवढी एक चकती लपवलेली असते. कोडी सोडवत जायचं, बाग ओळखायची, मग बागेतला कोपरा ओळखायचा आणि बर्फ उकरून चकती काढायची. १९५२ पासून हा खेळ चालत आला आहे.

आधी आणि नंतर एकेक दिवस धरला तर पूर्ण खेळासाठी चौदा दिवस लागतात. एवढी रजा नसेल तर पाचव्या दिवशी पोहोचा आणि दहाव्यापर्यंत थांबा. पहिली चार कोडी घरबसल्या वाचली तरी फारसं बिघडत नाही, कारण तोवर बर्फात करण्यासारखं काही नसतं. फक्त शेवटचे तीन दिवस धरून गेलात तर चकती आधीच सापडलेली असू शकते. बारावं कोडं येईपर्यंत ती टिकेलच असं नाही. तारखा दरवर्षी बदलतात, त्या पाहूनच तिकीट काढावं.

विमानतळाहून ५४ क्रमांकाची बस वेस्ट सेव्हन्थ रस्त्याने थेट शहराच्या मध्यभागी आणते. मुक्काम शेजारच्या मिनिआपोलिस शहरात असेल तर तिथून सेंट पॉलपर्यंत ग्रीन लाइन ही लोकल आहे. २०१४ मध्ये सुरू झालेला हा मार्ग सुमारे १८ किलोमीटरचा आहे. मधल्या भागातल्या बागांना बस-लोकल पुरते, पण खेळाची हद्द म्हणजे अख्खी रॅम्झी काउंटी, सेंट पॉलचा जिल्हाच म्हणा. ती मिनेसोटातली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात दाट वस्तीची काउंटी असली तरी पाण्यासकट ४४० चौरस किलोमीटरची आहे. उत्तरेकडच्या शोअरव्ह्यू, आर्डन हिल्स, व्हाइट बेअर लेक या बाजूंना रात्री गाडीशिवाय जाता येत नाही.

गाडी भाड्याने घेतलीत तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळून घ्या. मोठा बर्फ पडला की शहर 'स्नो इमर्जन्सी' जाहीर करतं. 'नाइट प्लाऊ' अशी पाटी असलेल्या रस्त्यांवरून रात्री ९ ते सकाळी ६ पर्यंत गाड्या हटवाव्या लागतात, दिवसाच्या टप्प्यात उरलेले रस्ते साफ होतात. नवखा माणूस बागेत खुरपं चालवत असतो आणि त्याची गाडी टो होऊन जाते. दंड अधिक टोचा खर्च असा भुर्दंड पडतो आणि ती सोडवण्यात अख्खी सकाळ जाते.

हा कार्निव्हल सुरू झाला तो एका टोमण्यामुळे. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बातमीदाराने लिहिलं, की सेंट पॉल म्हणजे दुसरा सैबेरिया, हिवाळ्यात माणसाने राहू नये अशी जागा. गावाने १८८६ साली थेट बर्फाचा महाल उभारून उत्तर दिलं. मॉन्ट्रियलचा त्या वर्षीचा हिवाळी उत्सव देवीच्या साथीमुळे रद्द झाला होता, म्हणून तिथले कसबी कारागीर इकडे मिळाले. त्या पहिल्या महालापासून २०१८ मध्ये राइस पार्कात उभारलेल्या ७० फुटी महालापर्यंत शहर तेच सांगत आलं आहे: थंडी आहे म्हणूनच बाहेर या. चकतीचा शोध हा त्या सांगण्याचाच सगळ्यात अंगमेहनतीचा भाग.

दिवस पहिला: बिल्ला, कात्रण, कपडे

पहिलं कोडं यायच्या आधी कार्निव्हलचा बिल्ला विकत घ्या आणि लगेच त्याची नोंदणी करा. बक्षीस कमाल १०,००० डॉलरचं असतं, पण ती पूर्ण रक्कम नुसती चकती नेऊन दाखवणाऱ्याला मिळत नाही. नोंदवलेला बिल्ला आणि वृत्तपत्रात छापलेली कोडी हातात नसली की रक्कम कापली जाते. नियम दरवर्षी नव्याने छापतात, ते अक्षरन् अक्षर वाचावेत. कोडं रात्री मोबाइलवर वाचलं तरी सकाळी छापील अंक घेऊन कात्रण काढून ठेवायचं. बर्फात भिजलेलं कात्रण लगदा होतं, म्हणून घरी प्लास्टिकच्या पाकिटात मूळ प्रत ठेवा आणि खिशात हाताने लिहून काढलेली नक्कल.

पूर्वी ही कोडी वाचायला माणसं रात्री वृत्तपत्राच्या इमारतीबाहेर गाड्या चालू ठेवून थांबत. अंकांचा पहिला गठ्ठा बाहेर आला की एकजण वाचे आणि बाकीचे ऐकता ऐकताच गाडीकडे धावत. कोडं आता रात्रीच पडद्यावर दिसतं, तरी मोठ्याने वाचण्याची ती सवय सोडू नका. कारण पुढे येईलच.

कपड्यांबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. जानेवारीत इथलं सरासरी कमाल तापमान उणे ५ आणि किमान उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि थंडीची लाट आली तर पारा त्याच्या खूप खाली जातो. चालणारा माणूस अंगच्या उष्णतेने तगतो. शोधणारा माणूस मात्र एकाच जागी गुडघे टेकून दोन-दोन तास बसतो. उणे १८ अंशांत ताशी २४ किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २८ सारखं जाणवतं आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. नाकाचा शेंडा, कानाची पाळी किंवा बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. ते दुखणं थांबलं म्हणजे आराम पडला असं समजू नका, ताबडतोब आत जा.

सुती कपडा अंगाला लागून घालू नका. घाम धरून ठेवतो आणि हालचाल थांबली की गारठवतो. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, सगळ्यात बाहेर वारा अडवणारं जॅकेट, आणि पायांना तशीच पॅडची पॅंट. बूट एक माप मोठे घ्या. जाड मोजे घट्ट बुटात कोंबले की रक्तप्रवाह अडतो आणि दोन जोड मोजे असूनही बोटं बधिर होतात. हातांसाठी मिटन्स, म्हणजे चार बोटं एकत्र राहणारे जाड मोजे, आणि त्यांच्या आत पातळ हातमोजे. हात गरम ठेवणाऱ्या पुड्यांमध्ये लोखंडाची भुकटी असते, ती हवेशी संयोग पावून तापते. पाकीट फोडून दोन-तीन मिनिटं हवेत हलवा, मगच मोज्यात सरकवा. हवा न लागणाऱ्या घट्ट जागी ती पुडी थंडच राहते आणि लोक 'खराब निघाली' म्हणून फेकून देतात.

गुडघ्याखाली घ्यायला जाड फोमचा तुकडा सोबत ठेवा. अनुभवी शोधकाला ओळखायचं तर त्याच्याकडे तो आहे का ते पाहा.

दिवस दुसरा आणि तिसरा: शहर वाचणं

सुरुवातीची कोडी जागा सांगतच नाहीत. त्यात स्वागत असतं, हवामान असतं, त्या वर्षीच्या एखाद्या घडामोडीचा उल्लेख असतो. या ओळींतून बाग काढण्याचा हट्ट करणारे लोक दुसऱ्याच दिवशी चुकीच्या बागेच्या प्रेमात पडतात आणि मग पुढचं प्रत्येक कोडं तिथे बसवत राहतात. खेळातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

हे दोन दिवस शहर पाहण्यात घालवा, कारण कोडी शहराच्या इतिहासातूनच विणलेली असतात. राइस पार्कात बर्फाची शिल्पं पाहता पाहता चौकावरच्या पाट्या वाचा. शेजारचं लॅंडमार्क सेंटर १९०२ साली न्यायालय आणि टपाल कचेरी म्हणून उघडलं. लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या गावात जन्मले, 'पीनट्स' या व्यंगचित्रमालिकेचे चित्रकार चार्ल्स शुल्झ या गावात वाढले. दोघांच्याही खुणा इथे आहेत आणि कोडंकाराला दोन्ही नावं सहज खेळवता येतात. गावाचं जुनं नाव 'पिग्ज आय', म्हणजे डुकराचा डोळा. दारू विकणाऱ्या पियेर पॅरंटचं ते टोपणनाव होतं. १८४१ मध्ये फादर लुसियन गाल्तिए यांनी संत पॉल यांच्या नावाने छोटं प्रार्थनामंदिर बांधलं आणि गावाचं नाव पालटलं. 'डोळा', 'डुक्कर', 'संत' असे शब्द कोड्यात आले की इथल्या माणसाचे कान टवकारतात. बाहेरून आलेल्याला हे माहीतच नसेल तर त्याच्यासमोरून ओळ निघून जाते.

बागांची नावंही अशीच पाठ करावी लागतात. कोमो, फेलन, हायलंड, चेरोकी, हॅरिएट आयलंड, हिडन फॉल्स, क्रॉस्बी फार्म, बॅटल क्रीक. आणि शहराबाहेर केलर, टोनी श्मिट, लॉंग लेक, स्नेल लेक, बाल्ड ईगल. एकेका बागेसाठी एक पान करा. त्यावर नावाचा उगम, जुनं नाव, बांधकामाचं साल, जवळचे रस्ते, पूल, शाळा, पाण्याची टाकी, मूर्ती हे लिहा. उदाहरणार्थ, बॅटल क्रीक हे नाव १८४२ मध्ये डकोटा आणि ओजिब्वे या मूळनिवासी जमातींत झालेल्या लढाईवरून आलं. हायलंड पार्कची पाण्याची उंच टाकी १९२८ ची, आणि ती बांधली क्लॅरेन्स विगिंग्टन यांनी. अमेरिकेत नगरपालिकेच्या सेवेत आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय वास्तुकारांत त्यांचं नाव येतं, आणि कार्निव्हलचे बर्फाचे महालही त्यांनी आखले होते.

दिवस चौथा: कोड्याची शिवण उसवणं

चौथ्या कोड्यापर्यंत ओळींना वजन येऊ लागतं. त्यांची बांधणी कशी असते ते मराठीतच करून दाखवणं सोपं जाईल. खालचे चरण छापून आलेले नाहीत, केवळ समजावण्यासाठी रचले आहेत:

बेट म्हणती त्याला, पण भोवती वेढा नाही,
शाळेतल्या बाईंची नावावर आहे सही;
ज्याने उभा केला इथे दगडी मंडप थाटात,
त्याचाच हात होता हिमाच्या त्या कोटात.

उत्तर हॅरिएट आयलंड. नावात बेट आहे, पण किनाऱ्याच्या बाजूचा मिसिसिपी नदीचा प्रवाह १९५० च्या सुमारास बुजवला गेला, त्यामुळे पाण्याचा वेढा उरला नाही. हॅरिएट बिशप या १८४७ साली इथे आलेल्या शिक्षिका. मंडप १९४१ चा, बांधणारे तेच विगिंग्टन, आणि हिमाचा कोट म्हणजे त्यांचे बर्फमहाल. चार ओळींत चार वेगळ्या प्रकारची माहिती आहे. एकच ओळ पाहिली तर ती दहा ठिकाणी बसते, चारही एका जागी मिळाल्या तरच ती जागा धरायची.

आपल्याकडे उखाण्यात नाव दडवतात, हुमाणात वस्तू दडवतात, तसंच हे आहे. फरक एवढाच की इथे इंग्रजीतली उच्चाराची गंमत फार असते, म्हणून कोडं मोठ्याने वाचायचं. दोन शब्द जोडून वेगळंच नाव ऐकू येतं, एका शब्दाचा दुसऱ्या भाषेत भलताच अर्थ निघतो. 'कोमो' हा स्पॅनिशमध्ये 'कसं' असं विचारणारा शब्द आहे. कोड्यात 'कसं' हा शब्द पुन्हा पुन्हा आला तर तिकडे लक्ष जायला हवं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर उभं वाचा, शेवटचंही वाचा. आकडे आले तर रस्त्यांचे, बसचे, सालांचे आकडे लावून पाहा.

उलट बाजूही आहे. 'लपलेलं' हा शब्द शोधाच्या खेळात येणारच, म्हणून दरवेळी काही लोक हिडन फॉल्सच्या उतारावर धावतात. नेहमीच्या वापरातल्या शब्दाला खूण मानायचं नाही. ज्या शब्दाची त्या ओळीत गरज नव्हती, जो यमकासाठीही लागत नव्हता आणि तरी वापरला आहे, त्या शब्दाकडे पाहायचं. कोडं रचणाऱ्याचं नाव गुप्त असतं, पण त्याची सवय अशा शब्दांतूनच कळते.

आता तक्ता करा. डावीकडे प्रत्येक ओळ, वर सहा-सात बागांची नावं. ओळ बसते तिथे बरोबरची खूण, मुद्दाम ओढूनताणून बसते तिथे प्रश्नचिन्ह, मुळीच बसत नाही तिथे फुली. प्रश्नचिन्हाला बरोबर समजायचं नाही. एका बागेत दोन स्पष्ट फुल्या पडल्या की ती खोडायची, मनातली आवडती असली तरी.

दिवस पाचवा आणि सहावा: पाय मोकळे, हत्यारं तयार

तक्त्यात तीन बागा उरल्या की त्या दिवसाउजेडी नुसत्या चालून पाहाव्यात. जानेवारीच्या अखेरीस सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेड साडेनऊ तासांचाच. बागेत कुठे पूल, कुठे पायऱ्या, कुठे मोठं ओकचं झाड, कुठे बाक, कुठे दिवा, हे नकाशावर टिपा. पुढच्या कोड्यात 'पंचवीस पावलं पूर्वेला' असं काही आलं की ज्याच्या नकाशात आधीच दिशा आहेत तो अर्धा तास पुढे असतो. बागेच्या उघडझापीच्या वेळा पाटीवर असतात, त्या पाळाव्या.

इंडियन माउंड्स पार्कात जा, जरूर जा, पण हत्यार गाडीत ठेवून. नदीवरच्या त्या कड्यावर डकोटा लोकांच्या पूर्वजांची दफनभूमी आहे, तिथले सहा ढिगारे आज शिल्लक आहेत. कोड्याची ओळ तिकडेच बोट दाखवतेय असं कितीही वाटलं तरी तिथे माती-बर्फाला फावडं लावायचं नाही.

थंडी अंगात भिनली तर कोमो पार्कातल्या काचेच्या वनस्पतीघरात शिरा. १९१५ पासूनचं हे घर, प्रवेशाला ऐच्छिक देणगी. आतल्या ताडांखाली दमट उबारा असतो. चष्म्यावर आणि कॅमेऱ्यावर लगेच दव धरतं, म्हणून कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करून मग आत न्यावा.

हत्यारं अशी: तीन दातांचं छोटं लोखंडी खुरपं, पानं ओढायचं नव्हे तर बागकामाचं जड दाताळं, हलकं फावडं, दहा-दहा मीटरच्या दोन दोऱ्या, आठ-दहा खुंट्या. प्लास्टिकचं खुरपं उणे २० ला कडक होऊन पहिल्याच ठोक्यात मोडतं. कुदळ नको, जमीन दगडासारखी गोठलेली असते आणि बागेचं नुकसान होतं. तुमचं काम बर्फ आणि गवत यांच्या मधल्या थरात आहे, मातीत नाही. डोक्याच्या टॉर्चमध्ये लिथियमचे सेल घाला, साधे अल्कलाइन सेल थंडीत तासाभरात मंदावतात. मोबाइल आतल्या खिशात, अंगाशी. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो तेव्हा तोंडाकडचं पाणी वाहतं राहतं.

खाण्याचं एक मराठी उत्तर इथे चपखल बसतं. मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात मराठी घरं आहेत आणि संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणजे याच दिवसांत तिळगूळ हाताशी असतो. मऊ तिळाचा लाडू आणि गुळाची पोळी थंडीत खायला सोपी आणि भरपूर ताकद देणारी. चिक्की मात्र नेऊ नका, उणे १५ ला ती दाताला भारी पडते.

दिवस सातवा आणि आठवा: बर्फ उकरण्याचं शास्त्र

या टप्प्याला बहुतेक वेळा बाग कळलेली असते, निदान दोनांपैकी एक. संध्याकाळी बागेत शेकडो टॉर्च हलताना दिसतात, मुलं, आजोबा, कॉलेजची पोरं, सगळे वाकलेले. आणि इथूनच खेळाचं स्वरूप पालटतं. आतापर्यंत डोकं चालवणाऱ्याची सरशी होती, पुढे शिस्तीने उकरणाऱ्याची. चकती न सापडण्याचं मोठं कारण चुकीची बाग हे नसून बरोबर जागी अर्धवट उकरणं हे आहे. दहाजण ज्या जागेवरून दाताळं फिरवून गेले, तिथेच ती पडून असू शकते.

आधी हिशेब करा. २५ सेंटिमीटर बर्फ असेल तर एक चौरस मीटर नीट तपासायला तीन मिनिटं लागतात, म्हणजे एका माणसाचे तासाला २० चौरस मीटर. ३० बाय ३० मीटरचा तुकडा ९०० चौरस मीटरचा, त्याला एका माणसाचे ४५ तास. चारजण असाल तर सव्वाअकरा तास, म्हणजे विश्रांती धरून दोन रात्री. हा आकडा समोर असला की 'सगळी टेकडी पाहू' असलं कोणी बोलत नाही. कोड्यातून निदान दोन खुणा मिळाल्याशिवाय, उदाहरणार्थ दिवा आणि उतार, उकरायला सुरुवातच करू नका.

पद्धत अशी. दोन दोऱ्या एक मीटर अंतरावर समांतर ताणा, खुंट्या घट्ट बर्फात ठोका. पट्ट्याच्या एका टोकाला गुडघे टेका. फावड्याने वरचा भुसभुशीत बर्फ उचलून मागच्या, आधीच तपासलेल्या पट्ट्यावर टाका. पुढे किंवा बाजूला टाकायचा नाही. मग खुरप्याने गवतापर्यंत जा आणि दात गवताला टेकवून स्वतःकडे ओढा. सुटलेला प्रत्येक गोळा हाताने फोडा. पट्टा संपला की फक्त एकच दोरी पुढे हलवा, दुसरी तिथेच राहू द्या. दोन्ही एकदम उचलल्या की पट्ट्यांमध्ये हातभर जागा सुटते, आणि चकती नेमकी त्या हातभर जागेत असू शकते.

गोळे फोडण्यावर एवढा भर का? चकती सहसा चकतीच्या रूपात पडलेली नसते. ती एखाद्या फेकून दिलेल्या, हात लावू नये असं वाटणाऱ्या वस्तूच्या आत लपवतात. जुन्या खेळांत ती खाण्याच्या पदार्थाच्या डब्यात आणि लहान मुलाच्या वापरून टाकलेल्या डायपरमध्येही निघाली आहे. बर्फात मातकट लगदा, चुरगळलेला कागद, गोठलेला मोजा दिसला की किळस बाजूला ठेवून तो उघडायचा. मिटन्सवरून रबरी मोजा चढवला की काम सोपं होतं. शोधून झालं की तो कचरा पुन्हा तिथेच न टाकता पिशवीत भरावा, म्हणजे पुढच्या माणसाचा वेळ वाचतो आणि बागही साफ राहते.

काय बिघडतं तेही सांगतो. दिवसा पारा शून्याच्या वर गेला आणि रात्री खाली आला की बर्फावर कडक पापुद्रा धरतो. दाताळं त्यावरून घसरतं आणि खालचा थर अस्पर्श राहतो. अशा दिवशी दाताळं बाजूला ठेवून फावड्याच्या कडेने पापुद्र्याचे चौकोन कापावेत, एकेक चौकोन उलटा करून त्याची खालची बाजू पाहावी, कारण हलकी वस्तू पापुद्र्याला चिकटून वर येते. दुसरी अडचण इतरांच्या ढिगांची. शंभर माणसांनी उपसलेला बर्फ न तपासलेल्या जागेवर जाऊन पडतो आणि दोन दिवसांनी तो ढीग 'इथे झालंय' असा दिसतो. ढीग म्हणजे तपासलेली जागा नव्हे. ढीग सरकवा, खालचं गवत डोळ्यांनी पाहा, मगच नकाशावर रेघ ओढा.

तळ्याच्या काठी काम करताना काठ कुठे संपतो याचं भान ठेवा. बर्फाखाली जमीन आणि पाणी सारखंच दिसतं. तळ्यावर पाऊल टाकायचंच असेल तर चालणाऱ्या माणसासाठी निदान ४ इंच, म्हणजे १० सेंटिमीटर, स्वच्छ नवा बर्फ हवा. पांढरट, बुडबुड्यांचा बर्फ साधारण निम्म्या ताकदीचा धरतात. ओढा तळ्याला मिळतो तिथे आणि पुलाखाली तो कायम पातळ असतो.

दिवस नववा

विश्रांती घ्या, निदान दिवसभर. बोटांना चिरा पडलेल्या असतात, रात्रभराचे कपडे ओले असतात. बुटाचे आतले अस्तर काढून वाळवा, ओले तसेच घातले तर दुसऱ्या रात्री अंगठा बधिर होतो. हीटरला चिकटवून वाळवू नका, फेल्ट आकसतं. मोजे-मिटन्स पंख्यासमोर ठेवा.

दुपारी तक्ता पुन्हा काढा आणि पहिल्या कोड्यापासून मोठ्याने वाचा. आता बाग माहीत असल्यामुळे सुरुवातीच्या निरर्थक वाटलेल्या ओळी वेगळ्या दिसू लागतात. एखाद्या ओळीची दिशा, एखाद्याचं झाड, एखाद्याचा दिवा. त्या तीन गोष्टी नकाशावर एकत्र ओढल्या की तुकडा ३० मीटरवरून १० मीटरवर येतो, आणि १० बाय १० मीटर म्हणजे चौघांचा जेमतेम सव्वा तास. एक पूर्ण रात्र आंधळेपणाने उकरण्यापेक्षा ही दुपार जास्त कामाची ठरते.

दिवस दहावा ते बारावा

शेवटची कोडी आडवळणं घेत नाहीत. अकरावं आणि बारावं तर जवळजवळ पत्ता सांगतात, कोणता रस्ता, कोणता खांब, किती पावलं. बारावं कोडं आल्यावर पन्नास-शंभर माणसं त्याच वर्तुळात येतात. तेव्हा धक्काबुक्की होऊ द्यायची नाही, लहान मुलाच्या डोक्याजवळ फावडं उचलायचं नाही, दुसऱ्याच्या दोरीच्या आत उकरायचं नाही. हे सगळे रिवाज इथले जुने खेळाडू नव्यांना आपणहून सांगतात आणि गरम कॉफीचा थर्मासही पुढे करतात. तुमच्याकडचा तिळगूळ तेव्हाच बाहेर काढा.

पावलं मोजायची वेळ आली तर कोणाची पावलं ते पाहा. मोठ्या माणसाचं पाऊल बर्फात आखडतं, कोरड्या फरशीवर ७५ सेंटिमीटर पडणारं पाऊल गुडघाभर बर्फात ५० वर येतं. चकती लपवणाऱ्याने बर्फ पडायच्या आधीची पावलं मोजली असतील असं धरून चालणं शहाणपणाचं. खांबापासून दोरी ताणून दोन्ही अंतरांवर खूण करा आणि मधला पट्टा पूर्ण उकरा.

सापडली तर आधी ती उघडून खात्री करा, मग ओरडा. जागेचा फोटो काढा, नियमात सांगितलेल्या क्रमांकावर कळवा, बिल्ला, कात्रणं आणि ओळखपत्र घेऊन जा. परदेशी पाहुण्यांनी बक्षिसावरच्या कराबद्दल आधीच विचारून ठेवावं.

परतीचा दिवस

चकती सापडल्यावर वृत्तपत्र बाराही कोड्यांची उकल ओळीनुसार छापतं. तो अंक आणि तुमचा तक्ता शेजारी ठेवा. ज्या ओळीला प्रश्नचिन्ह दिलं होतं तिचा खरा अर्थ काय निघाला, कोणत्या फुलीमुळे बरोबर बाग खोडली गेली, हे लाल शाईने लिहून ठेवा. कोडंकाराची ढब ओळखायला या पानांसारखं दुसरं साधन नाही, म्हणून जुने खेळाडू वर्षानुवर्षांची पानं जपून ठेवतात.

मग बागेत एकदा परत जा. उकरलेले खड्डे बर्फाने सपाट करा, कारण रात्री त्यात पाणी गोठलं की सकाळी चालणाऱ्याचा पाय मुरगळतो. खुंट्या, दोऱ्या, सेलची पाकिटं, गरम पुड्यांची वेष्टणं गोळा करा.

सोय जमली तर कार्निव्हलच्या शेवटच्या शनिवारची मशालींची मिरवणूक गाठून निघा. कार्निव्हलच्या कथेत बोरियस हा वाऱ्यांचा राजा, तोच हिवाळ्याचा धनी. अग्नीचा स्वामी व्हल्कनस आपली लाल वेशातली फौज घेऊन येतो आणि त्याला पदच्युत करतो, मग उन्हाळ्याला वाट मोकळी होते. ही फौज जुन्या अग्निशमन गाडीवरून फिरते, भेटेल त्याच्या गालावर काळ्या रंगाची खूण करते. रंग लोकरीवरून निघत नाही, म्हणून त्या संध्याकाळी गळ्याभोवती जुना मफलर गुंडाळा आणि चांगला सामानात भरा.